गोदा बुडाली तो वर्षावास

वर्षावास सुरू झाला हे बदलापूरच्या शिरगावात कॅलेंडर न पाहता कळतं. समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे दोरीवर चढतात. ते वाळत नाहीत. हवेतच एवढी ओल असते की पंख्याखाली आणले तरी कपड्यांचा कुबट वास जात नाही, आणि संध्याकाळी त्याच वासाचे कपडे घालून माणसं विहाराकडे निघतात. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज धम्मग्रंथाचं वाचन चालतं. रोज एका घराची खीर असते. वाचन संपलं की सगळे एका सुरात तीनदा ‘साधु’ म्हणतात आणि मगच खिरीच्या पातेल्यावरचं झाकण निघतं. हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नाही. तो मोडलेला मी एकदाच पाहिला.

त्या वर्षी एका कादंबरीतली बाई समुद्रात बुडाली. ती कधीच अस्तित्वात नव्हती. जिने तिला जन्म दिला त्याच लेखणीने तिला बुडवलं. कुठल्याही कायद्याने हा गुन्हा होत नाही, आणि मी तेव्हा ज्या दैनिकासाठी उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातल्या बातम्या देत असे, त्यात एका ओळीची बातमीही होण्यासारखं काही घडलं नव्हतं. तरी आमची गल्ली नंतर कितीतरी दिवस दबक्या आवाजात बोलत होती. यंदा पांढरे कपडे दोरीवर दिसले आणि पहिली आठवली ती बुडालेली गोदा.

गोदा दामोदर साळवेंची. साळवेकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहत. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. विहारात ग्रंथ वाचायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण ते स्वल्पविरामाला थांबायचे. बाकीचे वाचक थांबत नसत. ऐकणाऱ्यांत ज्यांना वाचता येत नव्हतं अशा म्हाताऱ्या बायका होत्या. त्या म्हणत, साळवे वाचतो तेव्हा अक्षरं दिसतात.

त्यांच्या आजीच्या तोंडी पांढऱ्या साखरेचं नाव ‘मोरस’ होतं. मॉरिशसहून येते म्हणून मोरस. त्या बेटावर आपल्या भावकीतला कुणी ऊस तोडायला गेला आणि परत आला नाही, एवढंच आजीने सांगितलं होतं. तेवढ्यावर साळवेकाका निवृत्तीनंतर कादंबरी लिहायला बसले. इंग्रजांचा काळ, कोकणातलं गाव. गावची डाक वाहणारा महाराचा राणबा आणि कासाराच्या घरातली विधवा गोदा. घरभर बांगड्यांच्या माळा टांगलेल्या आणि हिचे हात रिकामे. दोघं पळून मुंबई बंदरात येतात आणि मळ्यांसाठी मजूर भरणाऱ्या जहाजावर चढतात. जहाजाच्या पोटात एकाच फळीवर सगळ्या जातींची माणसं उलट्या करतात, एकाच पिंपातलं पाणी पितात, आणि देव कुठे ठेवायचा यावरून भांडतात.

दर रविवारी ग्रंथवाचन झालं की काका आठवड्यात लिहिलेलं प्रकरण वाचायचे. समितीने परवानगी दिली ती ‘आपल्या लोकांचा इतिहास’ म्हणून. पहिल्या रविवारी प्रकरण संपल्यावर बायकांनी सवयीने ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं. एक-दोघं पुरुष हसले. पुढच्या रविवारपासून तेही म्हणू लागले.

बायका नुसत्या ऐकत नसत. शेवंताबाई सगळ्यांत पुढे, भिंतीला टेकून. आदल्या वर्षीच्या पुरात तिची स्टेशनच्या पश्चिमेची खोली गेली होती. छातीएवढ्या पाण्यात पोटमाळ्याची कड धरून ती वाचली आणि तेव्हापासून मुलाच्या फ्लॅटवर राहत होती. ती काकांना एकेरीत बोलायची.

“दामू, जहाजावर भाकरी कोण थापतंय?”

“भाकरी नव्हती मावशी. भात आणि डाळ मिळायची.”

“आन बाईमाणसाची अडचण? दोन महिने म्हंतोस समुद्रात. मग गोदा काय करती?”

काकांचे कान लाल झाले. पुरुष पंख्याकडे बघू लागले. पण पुढच्या रविवारी त्याचं उत्तर प्रकरणात होतं. शिडाच्या फाटक्या कापडाचे तुकडे आणि आडोसा धरणाऱ्या दोन अनोळखी बायका, एक ब्राह्मणीण आणि एक मांगीण. हे काकांनी कमलमावशीला, म्हणजे बायकोला, विचारून लिहिलं होतं, आणि ते वाचताना मावशी मान खाली घालून हसत होती. अशी ती कादंबरी चालायची. रविवारी प्रश्न आणि पुढच्या रविवारी उत्तर. एका प्रश्नाचं उत्तर मात्र काका राखून ठेवत. बेटावर उतरल्यावर गोरा साहेब नोंद करताना जात विचारणार, तेव्हा गोदा काय सांगते? “ते शेवटी,” काका म्हणायचे. “शेवट मला माहीत आहे.”

काकांची एकुलती एक मुलगी सुजाता उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात होती. तिथल्या गल्ल्यांचा वास अजून आठवतो. निळीचा, गरम इस्त्रीचा, आणि गटारातून वाहणाऱ्या निळ्याशार पाण्याचा. त्या बाजूला बातमीला गेले की मी तिच्याकडे चहाला थांबत असे. माल रवाना करायचं काम हरेश बघायचा, सिंधी. त्या दिवसांत त्याची दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. सिंधी लोकांचा चालिहो चालू होता. चाळीस दिवसांचं झूलेलालचं व्रत, पाण्याच्या देवाचं.

“याचा चालिहो, माझा वर्षावास,” सुजाता म्हणाली.

“हॉटेलवाला आम्हाला बघून रडतो,” हरेश म्हणाला. “मी कांदा नाय खात, ही मटण नाय खात. बोलतो, तुम्ही दोघं फक्त एसी खायला येता काय?”

मग त्याने कागदी कपातला चहा तिच्यासाठी फुंकून गार केला. एवढंच. सगळं कळायला तेवढं पुरेसं होतं.

हरेशच्या मामाचं स्पेनच्या कॅनरी बेटांवर घड्याळांचं आणि कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दिवाळीनंतर त्याला तिकडे जायचं होतं आणि लग्न करून सुजाताला न्यायचं होतं. त्याच्या आईचा, देवी आंटीचा, विरोध होता. तो तिने सुजाताला घरी बोलावून, सरबत देऊन सांगितला. मी बरोबर होते. घरात पितळी ताटात ज्योत आणि शेजारी मडकं होतं. आंटीचा आवाज चढला नाही.

“देख बेटा, तू अच्छी लड़की है. पर मेरा बाबा सिंध से न जमीन लाया, न मकान. एक झूलेलाल को लाया. वो भी मैं तेरे वास्ते छोड़ दूँ?”

सुजाता म्हणाली, “छोड़ने को कौन बोल रहा है, आंटी?”

“तू ज्योत लगाएगी?”

सुजाताने सरबताचा पेला खाली ठेवला. तिला खोटं बोलता येत नसे.

घरी तिने सांगितलं ती दुपार पावसाचीच होती. मी डबा परत द्यायला वर गेले होते आणि मध्येच उठता येईना. काका जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं होतं, राणबा आणि गोदाला जहाजावर चढवणारा हा माणूस थोडं थांबेल आणि मग मुलाचं नाव विचारेल. बहुधा सुजातालाही तेच वाटलं होतं.

“छप्पन साली माझ्या बापाने देव्हारा टोपलीत घातला आणि नदीत सोडला,” काका म्हणाले. “सगळं गाव काठावर बघत होतं. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन घरी आला. तू तो देव्हारा परत आणायला विमानाने चाललीस?”

“मी काही सोडत नाहीये पप्पा. तो त्याचं करेल, मी माझं.”

“चार दिवस. मग मूल होईल. त्याच्या कपाळाला काय लावणार?”

“तुमच्या गोदाला नाही विचारलंत हे.”

“गोदा कागदावर आहे, सुजा.”

“कागदावर तरी पाठवलंत ना तिला,” ती म्हणाली. “मला तुम्ही दारापर्यंतसुद्धा सोडत नाही.”

कमलमावशी ताट उचलायला वाकली आणि तशीच राहिली. काकांनी हात धुतले नाहीत. खरकट्या हातानेच ते लिहायच्या टेबलाशी जाऊन बसले.

पुढचा रविवार भाद्रपदातला. खीर साळवेंच्या घरची होती. सुजाता तिसऱ्या रांगेत, मांडीवर द्रोणांची चवड घेऊन. कमलमावशी पातेल्याशी, हातात पळी. ग्रंथवाचन झालं, साधु झालं. काकांनी चष्मा पुसला आणि प्रकरण काढलं. जहाज बेटाच्या जवळ आलेलं. पक्षी दिसू लागलेले. राणबा गोदाला सांगतो, उद्या जमीन. शेवंताबाईने मागच्या बाईला कोपर मारलं: आता जात विचारणार. काका वाचत होते, स्वल्पविरामाला थांबत होते.

“पहाटे राणबाने हात लांब केला, तेव्हा चटई थंड होती. कठड्याच्या खिळ्याला लुगड्याचा काठ अडकला होता. वारा तो सोडवायला बघत होता. समुद्र नेहमीसारखा होता. कुणी आत गेल्याची त्याच्यावर काही खूण नव्हती.”

त्यांनी कागद मिटले.

सगळ्यांनाच कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम कळलं. माणसं एकमेकांकडे न बघता सुजाताकडे बघू लागली. तिच्या लग्नाचा विषय तोवर गल्लीत सगळ्यांना माहीत झालेला होता. ती द्रोण एकातून एक सोडवत होती. सोडवलेला द्रोण बाजूला, मग पुढचा. काका समोर बघत होते. ते साधुची वाट बघत होते. ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येत होती. मावशीने झाकण अर्धं उचललं होतं, ते तिने परत ठेवलं. पातेल्यावर झाकण टेकल्याचा तो आवाज मी नंतर कुठल्याही सभेत, कुठल्याही स्मशानात ऐकलेला नाही.

“संपलं?” शेवंताबाईने विचारलं.

“हो.”

“मंग जातो आम्ही.”

ती उठली. बायका उठल्या. भरलेलं पातेलं तसंच घरी आलं. जिना चढताना सुजाता माझ्या पुढे होती. वळणावर थांबून ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, “पप्पांनी इतकं चांगलं कधीच लिहिलं नव्हतं.” ते खरं होतं. मला त्याचाच जास्त धक्का बसला होता, आणि ते तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात चपलांचे आवाज आले. दार उघडून पाहिलं तर पांढऱ्या साड्या वर चालल्या होत्या. पुढे शेवंताबाई. मीही मागून गेले. साळवेंच्या दारात चपला काढल्या गेल्या. बायका भिंतीकडेने जमिनीवर बसल्या, पदर डोक्यावरून घेऊन. कमलमावशीने पाण्याचा ट्रे आणला. शेवंताबाईने हात आडवा केला.

“मयताच्या घरी पाणी घेत न्हाईत, कमल.”

काका आतून आले. हातात वर्तमानपत्र होतं. “कोण गेलं?”

“गोदा गेली की.”

काका हसले. हसताना त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं.

“मावशी, ही काय थट्टा?”

“थट्टा कशापायी? तुझ्या घरातली व्हती. आमच्या पोरींसारखी व्हती. पाळी कशी काढली तिनं ते आमाला ठावं. मयताचं पुण्यानुमोदन कधी धरतोस ते सांग, म्हंजे खिरीचं कुणी करायचं ते ठरवता येईल.”

मला खात्री आहे की येताना तो टोमणाच होता. गल्लीतल्या बायकांनी मिळून एका शहाण्या माणसाला मारलेला टोमणा. पण त्या खोलीत बसल्यावर काहीतरी बदललं. मागच्या इमारतीत ब्लाऊज शिवणारी एक बाई होती. तिची मुलगी परजातीत लग्न करून गेली होती आणि हिने तिला पुन्हा उंबरा चढू दिला नव्हता. ती बाई रडायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग छाती बडवून. “बघितलं न्हाई मी तिला. जाताना बघितलंच न्हाई.” कुणी तिला गप्प केलं नाही. सुजाता आतून बाहेर आली तेव्हा त्या बाईने तिला ओढून जवळ घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, दंडांवरून हात फिरवत राहिली, पाण्यातून काढलेल्या माणसाला चाचपावं तशी.

काका भिंतीला धरून उभे होते. वर्तमानपत्र खाली पडलं होतं. जिवंत मुलीसाठी आपल्या घरात चाललेलं रडणं ते ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. ज्याने दार उघडलं आणि पुढे खोलीच नाही असं दिसलं, त्याचा चेहरा तसा असेल.

त्यानंतर रविवारी काका फक्त ग्रंथ वाचायचे आणि खाली बसायचे. कादंबरीबद्दल कुणी विचारलं नाही. देवी आंटीचा चालिहो कधीच पुरा होऊन गेला होता. तिने मडकं विसर्जनाला दिलं, पण होकार दिला नाही, आणि नकारही पुन्हा दिला नाही. हरेशचा व्हिसा आला. सुजाता रोज कामावर जात होती. बापलेक एका ताटलीतली चटणी घेत होते, पण बोलत नव्हते.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी भिक्खू एकमेकांना विचारतात: माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तसा संशयही आला असेल, तर सांगा. आमच्याकडे आलेल्या भन्तेजींनी ही रीत समजावून सांगितली आणि ते थांबले. दरवर्षी यानंतर खीर होते. त्या खेपेलाही ती साळवेंच्याच घरची होती आणि द्रोण सुजाताच्या मांडीवर होते. त्या वर्षी साळवेकाका उभे राहिले. हातात कागद नव्हता. कागदाशिवाय उभे राहिलेले मी त्यांना प्रथमच पाहत होते.

“मी काही भिक्खू नाही,” ते म्हणाले. “तरी विचारतो. सांगा.”

“सांगायचं काय त्यात?” शेवंताबाई म्हणाली. “तिला वर काढ.”

“मावशी, वाचून झालंय ते.”

“झालं आसंल. बुडताना कुणी बघितलं का तिला?”

काकांनी चष्मा काढून हातात घेतला.

“लुगड्याचा काठ बघितला. चटई बघितली. बाई बुडताना न्हाई बघितली. दामू, मी पाण्यात व्हते रातभर. माणूस आसं सुखासुखी बुडत नसतं. वराडतं, हात मारतं, शेजाऱ्याला वडतं. गोदा कुठं तरी लपली आसंल. बघ नीट.”

“पुढच्या रविवारी—”

“वर्षावास आज संपतोय. पुढचा रविवार कुठला आणतोस?”

काकांनी घसा साफ केला. मग अडखळत, स्वल्पविराम कुठेही पडत, ते सांगू लागले. “शिडाचं कापड होतं. गुंडाळून ठेवलेलं. त्याच्या मागे… ती तिथे होती.”

“का लपली?” कुणीतरी मागून विचारलं.

“भ्यायली होती.”

“कुणाला? राणबाला?”

“नाही.” काकांनी मान हलवली. “मला.”

विहारात एक हुंकार उमटला, ज्याला शब्द नव्हता. काका थांबले नाहीत. थांबले असते तर पुढे गेले नसते. जहाज धक्क्याला लागलं, ते म्हणाले. माणसं उतरली. गोदा शेवटी उतरली. मेजामागे साहेब बसला होता. त्याने वर न बघता विचारलं, जात?

इथे ते थांबले. हाच तो शेवट, जो त्यांना माहीत होता. त्यांनी तो सांगितला नाही. ते तिसऱ्या रांगेकडे वळले.

“सुजा, तू सांग. इथे काय म्हणते ती?”

सुजाता उठली नाही. मांडीवरचे द्रोण तिने बाजूला ठेवले. सगळे वाट बघत होते, आणि तिला घाई नव्हती.

“ती म्हणते, खूप लांबून आलेय,” सुजाता म्हणाली. “आधी पाणी द्या.”

पहिला साधु शेवंताबाईचा होता. दुसऱ्याला निम्मा विहार मिळाला. तिसरा रस्त्यापर्यंत गेला असावा. काका तो म्हणू शकले नाहीत. कमलमावशीने झाकण काढलं, आणि पहिल्यांदा पळीत खीर नाही, शेजारच्या मडक्यातलं पाणी घेतलं आणि पेला भरून मुलीच्या हातात दिला.

कादंबरी छापली गेली नाही. बुडण्याचं प्रकरण काकांनी फाडलंही नाही. त्यांच्या बाडात गोदा बुडते आणि नंतर बेटावर उतरते, आणि गल्लीत कुणालाही त्यात काही खटकत नाही. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. देवी आंटी आली, काका आले, दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसले. सुजाताच्या घरात ज्योत लागते, आणि ती लावतो हरेश.

रविवारी बेटावरून तिचा फोन येतो. वरून काकांचा आवाज खाली माझ्या खिडकीत ऐकू येतो, कारण परदेशी बोलायचं म्हणून ते ओरडून बोलतात. तिकडे चहूकडे समुद्र आहे, पण नळाचं पाणी खारट लागतं, प्यायचं विकत आणावं लागतं, असं तिने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. तब्येत नाही, पैसे नाही, हरेश नाही.

“पाणी आहे ना घरात?” ते विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.